जावईबापूंची बारीक धार

२ मार्च

नळाला जाळी बसवली! माझ्या हॉटेलात, माझ्या खोलीत, मला न विचारता. सकाळी दाढीला उभा राहिलो, नळ पूर्ण सोडला, तर पाणी कुठलं — नुसतं फुसफुस! अर्धं पाणी, अर्धी हवा. गालावरचा साबण निघता निघेना. तसाच फेसाळलेल्या तोंडाने रिसेप्शनवर गेलो. जावईबापू उभे, हातात त्याच जाळ्यांचा डबा. मला म्हणतात, "बाबा, हिच्यातून निम्मंच पाणी जातं, पण हाताला कळतसुद्धा नाही." हाताला कळत नाही! हात माझा, आणि त्याला काय कळतं ते हे सांगणार!

जावयाला तोंडावर बोलायचं नसतं, एवढा शिष्टाचार मला कळतो. म्हणून ही वही काढली. तिथे गिळलेलं सगळं इथे ओकायचं.

४ मार्च

काल इतका तापलो होतो की अक्षर लागलं नसतं. म्हणून आज.

हे हॉटेल मी आणि हिने उभं केलं. ती स्वयंपाकघर आणि बाग बघायची, मी खोल्या आणि माणसं. ही गेली, पाठोपाठ माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, आता तुम्ही बसा." बसलो. तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली घेतली आणि बसलो. लेकीने बुकिंग आणि कागदपत्रं घेतली. जावईबापू दुसऱ्या गावातली चांगली नोकरी सोडून आले आणि मॅनेजरच्या खुर्चीत बसले. मी काही आमंत्रण दिलं नव्हतं. इतके दिवस गपगुमान होते, मला वाटलं गरीब गाय आहे. आता एकदम शिंगं फुटलीत! हॉटेल म्हणे 'ग्रीन' करायचं. पाणी कमी, वीज कमी, कचरा कमी. महिनाअखेरीला कोणी तपासनीस बाई येणार, मीटर बघणार, पास झालो तर सर्टिफिकेट देणार. ते दारावर लटकवलं की मोठमोठ्या कंपन्या आपली माणसं आमच्याकडेच उतरवणार.

मी विचारलं, "आणि जे इतकी वर्षं उतरतायत ते काय भुरटे चोर आहेत?"

जावईबापू लेकीकडे बघायला लागले. बायकोच्या तोंडाकडे बघणारा मॅनेजर! लेक मान खाली घालून काहीतरी लिहीत राहिली. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं. इकडे बाप, तिकडे नवरा, मधल्या मधे तिचा जीव जातोय. या माणसाला त्याचं काही आहे का?

५ मार्च

पॅसेजमधले दिवे आता माणूस हलला की लागतात आणि थांबला की विझतात. मधल्या पॅसेजला एक खिडकी नाही, भर दुपारी तिथे काळोख. मी चपलेचा पट्टा लावायला वाकलो. गुडघा हा असा, मला वाकायला वेळ लागतो. दिवे गुल! मग काय, भिंतीला टेकून दोन्ही हात वर करून हलवत बसलो. तेवढ्यात समोरच्या खोलीतून एक बाई बाहेर आली. दिवे लागले. तिला वाटलं मी तिलाच हात करतोय. तिनेही हसून हात केला.

सत्तरी उलटलेला माणूस मी. स्वतःच्या पॅसेजमध्ये हात हलवून उजेड मागतोय!

६ मार्च

टॉवेल. त्याबद्दल आज लिहीत नाही. रक्तदाब वाढेल.

७ मार्च

लिहितोच.

प्रत्येक बाथरूममध्ये एक कार्ड लावलंय. टॉवेल हुकाला अडकवला तर पाहुणा तो पुन्हा वापरणार असं समजायचं. खाली टाकला तरच धुवायचा. म्हणजे स्वच्छ टॉवेल हवा असेल तर पाहुण्याने हातातला जमिनीवर फेकायचा! ही एकेक टॉवेल स्वतः निवडून आणायची. दुकानात गालाला लावून बघायची, दुकानदार बघत राहायचा. आणि चादरी आता रोज बदलायच्या नाहीत, मागितल्या तरच. चादर कोणी मागेल का? भिडस्त माणूस कालच्याच घामात झोपेल पण मागणार नाही.

मी आत्याला गाठलं. आत्या म्हणजे आमच्या सगळ्या खोल्यांचं बघणारी बाई, लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणतात. जिभेला तिच्या धार आहे, म्हटलं हिला जरा चढवून द्यावं. म्हटलं, "बघ बाई, हळूहळू तुझं काम काढून घेतायत." तर म्हणते, "घेऊ देत की मालक! धुण्याच्या त्या पावडरीने बोटांना भेगा पडायच्या. बघा, भरत आल्यात." आणि दोन्ही हात माझ्या तोंडासमोर धरले.

मी नाही बघितले. फितूर मेली!

८ मार्च

एका पाहुण्याने टॉवेलाचं कार्ड वाचून "फार छान कल्पना" असं म्हटलं. जावईबापूंनी ते स्वयंपाकघरात सांगितलं, आत्याला सांगितलं आणि मग मुद्दाम माझ्या खोलीत येऊन मला सांगितलं. मी पेपर वर धरला.

दुपारी दुसरा एक पाहुणा चिडून खाली आला. बायकोचे केस लांब, शॉवर बारीक, शाम्पू निघेचना, बिचारी अर्धा तास पाण्याखाली उभी. मला एवढा आनंद झाला की मी त्याला माझ्या खोलीत बसवून चहा पाजला.

१० मार्च

आज मात्र कळस झाला. खोली जागी करायची नाही म्हणे!

हे नीट लिहायला हवं, कारण आमच्या हॉटेलात दुसरं काही नसेल पण हे आहे. पाहुणा दार उघडतो तेव्हा आमची खोली जागी असते. तो यायच्या आधी सगळे दिवे लावायचे, एसी लावून खोली गार करायची, आणि बाथरूममधला गरम पाण्याचा नळ सोडून ठेवायचा, पाणी चांगलं कढत येईपर्यंत. बॉयलर तळघरात आहे. वरच्या मजल्यावर गरम पाणी पोचायला बराच वेळ लागतो. तो वेळ आमचा जायला हवा, पाहुण्याचा नाही. प्रवासाने आंबलेला माणूस नळाखाली हात धरतो आणि पहिल्या झटक्याला ऊब लागते. ही म्हणायची, "खोलीने म्हटलं पाहिजे — आलास? बरं झालं, तुझीच वाट बघत होते." पहिल्या दिवसापासून आमच्याकडे हाच शब्द आहे. वरच्या खोल्या जाग्या केल्या का? केल्या, मालक.

आता प्रत्येक दाराशी एक खाच बसवलीय. पाहुण्याने किल्लीला अडकवलेलं कार्ड त्यात घातल्याशिवाय दिवा नाही, एसी नाही, काही नाही. बाहेर जाताना कार्ड काढलं की सगळं बंद. आणि नळ सोडून ठेवायला सक्त मनाई. जावईबापू सगळ्यांना खाली जमवून सांगत होते, "गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहून जातं ना, तेवढ्यात एका माणसाची आंघोळ होते."

मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, दमून आलेल्या माणसाला अंधाऱ्या, कोंदट खोलीत ढकलायचं? हॉटेल आहे की गोदाम?"

स्वयंपाकी फिस्सकन हसला. जावईबापूंचे कान लाल झाले. म्हणाले, "बाबा, महिनाअखेरीला पाणी एक तृतीयांश कमी झालेलं दाखवतो. नाही दाखवलं तर ही खुर्ची सोडतो. जुन्या नोकरीवाले अजून बोलावतायत, सरळ तिकडे जातो."

लेक एकदम म्हणाली, "अरे, काय बोलतोस!" पण बोलून चुकला होता. स्वयंपाकी, आत्या, नळवाला पाना, रिसेप्शनवरची मुलगी, सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. चांगलं दोन्ही कानांनी.

११ मार्च

जुनी मास्टर किल्ली माझ्याकडेच आहे, हे त्यांच्या लक्षातच नाही.

दुपारी आत्याच्या बायका खोल्या आवरून जेवायला जातात. नवे पाहुणे संध्याकाळी येतात. मधल्या वेळात वरच्या मजल्यावर चिटपाखरू नसतं. गेलो. एक खोली उघडली. त्या खाचेला काय कळतंय कार्ड कोणाचं! माझं जुनं व्हिजिटिंग कार्ड आत सारलं. दिवे लागले, एसी घुमायला लागला. बाथरूममध्ये गेलो, नळाची जाळी फिरवून काढली आणि नळ पूर्ण सोडला. काय धार! कानाला किती बरं वाटलं! कढत पाणी आल्यावर नळ बंद केला, जाळी परत बसवली, कार्ड तिथेच ठेवून आलो.

संध्याकाळी पाहुणा रिसेप्शनवर म्हणत होता, खोली अगदी प्रसन्न आहे. जावईबापूंची छाती फुगली. फुगू दे.

१२ मार्च

मधल्या मजल्यावरच्याही खोल्या जाग्या केल्या. गुडघा ठणकतोय. ठणकू दे.

१५ मार्च

हिरवळ उपटली.

सकाळी कुदळीचा आवाज आला म्हणून पडदा सरकवला. पुढच्या अंगणातली हिरवळ, हिने लावलेली, गुंडाळी करून बाजूला काढत होते, सतरंजी गुंडाळावी तशी. हिने स्वतः गुडघ्यांवर बसून एकेक गड्डा लावला होता. शेवटच्या आजारपणात याच खिडकीशी पलंग लावून घेतला होता तिने, हिरवळ दिसावी म्हणून. ती म्हणे फार पाणी पिते. त्या जागी आता दगड येणार आणि कसली तरी काटेरी झुडपं, ज्यांना पाणी लागत नाही.

जावईबापू मजुरांशेजारी उभे होते. मी खिडकीतून ओरडलो, "अहो, ती तुमच्या सासूने लावलेली आहे! माहीत आहे ना?" त्यांनी वर बघितलं. म्हणाले, "हो बाबा. माझं चुकलं. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं." आधी सांगितलं असतं तर काय कमी उपटली असती? निर्लज्ज! दगडाचं काळीज आहे, म्हणूनच दगड आणून टाकतोय.

लेक बाहेर आलीच नाही. आईची हिरवळ, तिला कुठलं बघवणार! आत कुठेतरी रडत बसली असेल.

मीही रडलो. लिहायला लाज कसली, वही माझी आहे. मग डोळे पुसले आणि दुपारी वर जाऊन सगळ्या रिकाम्या खोल्यांचे नळ सोडले. आज बंद केलेच नाहीत. खुर्ची टाकून पॅसेजमध्ये बसलो आणि वाहू दिलं. दिवे विझले की हात हलवायचो.

१६ मार्च

आजही.

१८ मार्च

पाणी उतरेना! जावईबापू सकाळी मीटरपाशी उकिडवे बसले होते, चष्मा नाकावर घसरलेला, कपाळावर आठ्यांचं जाळं. मी मुद्दाम तिथून फेरी मारली. "काय म्हणतंय मीटर?" "काही समजत नाही बाबा. जाळ्या बसवल्या, चादरी कमी झाल्या, बाग बंद झाली, तरी आकडा तसाच. आम्हाला वाटतं कुठेतरी गळती आहे."

आम्हाला! आम्ही म्हणजे कोण? राजे लागून गेले की काय? एकटे बोलतात आणि आम्ही म्हणतात.

गळती शोधायला पानाला लावलंय. पाना म्हणजे आमचा नळकाम करणारा. पहिल्या विटेपासून माझ्याबरोबर आहे. हातात सदानकदा पाना, म्हणून ते नावच पडलं. आता त्याचंही वय झालंय, पण या इमारतीतला एक पाइप त्याच्याशिवाय दुसऱ्याने जोडलेला नाही.

२० मार्च

पानाने मागच्या भिंतीचा गिलावा फोडला. कोरडी ठणठणीत. मग तळमजल्यावरच्या बाथरूमची फरशी उचकटली. कोरडी. धुळीने पांढराफटक होऊन माझ्या खोलीत आला आणि खाली जमिनीवरच बसला. खुर्चीवर बस म्हटलं तरी ऐकेना, खुर्ची मळेल म्हणाला.

"मालक, माझ्या जोडातून थेंब गळत नाही. तुम्हाला माहितेय."

"माहितेय रे."

"मग पाणी जातंय कुठे? कोणीतरी सोडतंय."

मी म्हटलं, "आत्याच्या बायका असतील. आवरताना सोडून ठेवत असतील."

बोललो खरा. तो मान हलवून गेला. त्याच्यासाठी मागवलेला चहा तसाच राहिला. मला दोष देऊन उपयोग नाही. ही भिंत मी फोडायला सांगितली का? ज्याने सांगितली त्याला विचारा!

२२ मार्च

मूर्खपणाला काही सीमा!

सकाळी जावईबापू दार वाजवून आत आले. हातात माझी जुनी व्हिजिटिंग कार्डं, चांगली गठ्ठाभर. अरे देवा, माझं नाव छापलंय त्याच्यावर! प्रत्येक खोलीत घालत सुटलो आणि काढायचं सुचलं नाही. आत्याच्या बायकांनी गोळा करून दिली असणार.

आणि हे महाशय काय म्हणाले असतील? "बाबा, तुमची कार्डं पडली होती वरती." पडली होती! खाचेत सापडलेली कार्डं, आणि म्हणे पडली होती! टेबलावर ठेवली, कडा सारख्या केल्या आणि गेले. याला अजून उमगलं नाही. असा बावळट माणूस माझं हॉटेल चालवतोय, आणि माझी पोर त्याच्याशी संसार करतेय. पाहुण्यांना आंघोळीला पाणी कसं द्यावं हे हा ठरवणार!

आता पुठ्ठ्याचे तुकडे कापून घेतलेत. त्यावर नाव नाही.

२४ मार्च

जिन्यावर लेक भेटली. मी वरून उतरत होतो, ती चढत होती. माझी बाही कोपरापर्यंत भिजलेली. तिने बाहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. काहीतरी बोलणार होती. मी म्हटलं, "बोल ना ग, काय झालं? काही बोलला का तो तुला?" तिने डोळे मिटून घेतले, एक मोठा श्वास घेतला आणि "काही नाही बाबा" म्हणून भराभर वर निघून गेली.

डोळे सुजलेले होते. रात्र रात्र भांडणं चालत असणार त्यांची. ही गाय, तो कसाई. मी आहे अजून! थोडेच दिवस राहिलेत, पोरी. तुझी सुटका करतो.

२६ मार्च

पाना राजीनामा द्यायचं म्हणतोय.

"हात थरथरतात मालक. माझ्याच जोडात कुठेतरी गळतंय आणि मला सापडत नाही. लोक काय म्हणतील? म्हातारा झाला, आता काढा याला. त्यापेक्षा मीच जातो." असं म्हणून पाना माझ्या टेबलावर ठेवला. इतक्या वर्षांत त्याच्या हातातून मी तो सुटलेला बघितला नव्हता.

मी तो उचलून परत त्याच्या हातात कोंबला. म्हटलं, "गप! तू कुठे जात नाहीस. महिना संपू दे. जायचा तो दुसराच कोणीतरी जाणार आहे." त्याला काही कळलं नाही. डोळे पुसत गेला.

आता बास. पाणी सोडायचं बंद. एवढ्यावरही जावईबापूंना काही जमायचं नाहीच. उद्यापासून दुपारी झोपणार आहे.

२७ मार्च

पाणी सोडलंच.

खिडकीबाहेर ते दगड दिसतात ना! रोज सकाळी पडदा सरकवला की तळपायाची आग मस्तकात जाते. मग मी काय करू?

२९ मार्च

तपासनीस बाई आल्या. साधे बूट, साधी पर्स, गोड आवाज. मला वाटलं होतं तशा फाडून खाणाऱ्या नव्हत्या. सगळं फिरून बघितलं. गच्चीवरचे उन्हावर वीज करणारे पत्रे, पॅसेजचे दिवे, कपडे धुवायची यंत्रं, टॉवेलाची कार्डं. काचेचे तांबेसुद्धा उचलून बघितले, प्लॅस्टिकच्या बाटल्यांऐवजी ठेवलेले. पाहुण्यांशी बोलल्या. आत्याने त्यांनाही हात दाखवले! कौतुकच कौतुक.

जावईबापू आणि लेक दोघं त्यांच्यामागे. बाई काही विचारायच्या, जावईबापू अडखळायचे आणि लेक पटकन उत्तर द्यायची. एवढं सगळं गावभर करून ठेवलं आणि परीक्षेच्या वेळी मात्र बायकोच्या पदराआड! तिने बिचारीने पाठ करून ठेवलं होतं सगळं.

मग मीटर. बाई बराच वेळ बघत होत्या. वीज कशीबशी पास. कचरा पास. पाणी नापास. म्हणाल्या, "बाकी सगळं इतकं सुंदर असताना पाणी का उतरलं नाही, हे कोडंच आहे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा."

जाताना माझ्याकडे वळल्या. "तुम्ही मालक ना? तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "मी काय सांगणार? मी तर बसून असतो."

जावईबापू खाली बघत होते. लेक माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेतलं मला काही कळलं नाही. दमली असेल.

३० मार्च

जिंकलो!

सकाळी सगळ्यांना खाली बोलावलं होतं. जावईबापू उभे राहिले. म्हणाले, "गळती कुठेच नव्हती. पानाकाकांचं काम चोख आहे. विनाकारण त्यांना भिंती फोडायला लावल्या, त्याची मी सगळ्यांसमोर माफी मागतो. माझंच गणित चुकलं. शब्द दिला होता, तो पाळतो." झालं! एवढंच. पाना ढसाढसा रडला. त्यांच्या दोन्ही हातांना धरून रडला. मला जरा कसंसंच झालं. जरासंच. मग मनात म्हटलं, वेळेवर शहाणपण सुचलं असतं तर ही वेळच आली नसती.

लेक कोणाकडेही न बघता उठून गेली.

१ एप्रिल

जावईबापू गेले. लेक इथेच राहणार, ते सुट्टीच्या दिवशी येऊन जाऊन करणार.

जाण्याआधी बॅग घेऊन माझ्या दारात आले. मी पेपर वर धरला. म्हणाले, "येतो बाबा. तुमच्या गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्यात, औषधवाल्याला सांगून ठेवलंय." जाता जातासुद्धा मॅनेजरकी! मी पेपराआडून "बरं" म्हटलं. मग बॅगेची चाकं फरशीवर वाजत गेली.

दुपारी भर उजेडात, सगळ्यांच्या देखत, ताठ मानेने वर गेलो आणि सगळ्या खोल्या जाग्या केल्या.

२ एप्रिल

काहीतरी बिनसलंय या लोकांचं!

पानाला बोलावलं. म्हटलं, "चल, सगळ्या नळांच्या जाळ्या काढून टाक." तो म्हणतो, "ताईंना विचारतो." "ताईला काय विचारायचं? ज्याची खुळं होती तो गेला!" हा पाना या हातातून त्या हातात करत राहिला. "मालक, एकदा विचाराच त्यांना." आत्याला म्हटलं, टॉवेलाची कार्डं काढ. ती म्हणाली, "ताईंनी सांगितलं की काढते." आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच काहीतरी चोरलंय.

त्यात आज जाळ्यांचा नवा डबा आला. अंगणात झुडपंही आली, कुंड्यांची रांग लागलीय. मागवलेलं रद्द करायचं राहिलं असणार. जाताना ऑर्डरी तरी रद्द करायच्या होत्या!

लेक दिवसभर माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. लाजत असेल, नवऱ्याने नाक कापलं म्हणून. उद्या मीच तिला जवळ बसवून सांगतो, बाई ग, आता तू मोकळी झालीस, आता आपण दोघं मिळून हॉटेल पहिल्यासारखं चालवू.

३ एप्रिल

सगळं लेकीचं होतं. जाळ्या, कार्डं, खाचा, हिरवळ. पहिल्या दिवसापासून सगळं.

तिने ताट आणून ठेवलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. मी म्हटलं, "मग त्याने कशाला स्वतःच्या अंगावर घेतलं? आणि मी वर जाऊन —"

"तेही माहीत होतं त्याला. मी तुमच्याशी भांडायलाच निघाले होते. तो म्हणाला, नको. बाबा माझ्यावर रागावले तर शिव्या देतील आणि पोटभर जेवतील. तुझ्यावर रागावले तर जेवणारच नाहीत."

ताट तसंच आहे.